दुसरा बिब कुणाचा?

थंडी पडायला लागली की महाराष्ट्रात रविवारगणिक कुठे ना कुठे दहा किलोमीटरची दौड असते, आणि दर मोसमात कुठल्या तरी आयोजकाकडे तोच प्रश्न येतो : मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही), तो चाकांच्या खुर्चीत बसेल, मी ढकलत धावेन, चालेल का? त्यानंतर रनिंग ग्रुपवर काय होतं ते आता पाठ झालंय. अर्धे लोक हात जोडलेले इमोजी टाकतात, ‘बाप असावा तर असा’ म्हणतात, ‘आधुनिक श्रावणबाळ’ म्हणतात. उरलेले म्हणतात, पोराला बिचाऱ्याला काय कळतंय, त्याला उन्हातान्हात फिरवून स्वतःची हौस भागवायची, वर आमच्या पायात चाकं. दोन दिवस जुंपते, आयोजक ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ नकार कळवतो आणि विषय पुढच्या थंडीपर्यंत मिटतो.

हा नकार चुकीचा आहे असं माझं मत आहे. पण हात जोडणाऱ्यांचा होकारही मला नको आहे. दोघांचीही नजर ढकलणाऱ्यावर खिळलेली असते. एकाला तो देवमाणूस दिसतो, दुसऱ्याला हौशी. खुर्चीत कोण बसलंय, त्याला थंडी वाजतेय का, त्याला यायचं होतं का, हे दोन्ही बाजूंनी कुणी विचारत नाही. अशा जोडीला मुख्य शर्यतीत प्रवेश द्यावा आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबराचे कागद, दोन द्यावेत, एक ढकलणाऱ्याला, एक बसलेल्याला. हा दुसरा बिब म्हणजे कौतुकाची चिठ्ठी नव्हे. तो छातीवर लागला की खुर्चीतलं मूल सामान उरत नाही, स्पर्धक होतं. आणि मग सुरक्षा, संमती, निकाल या सगळ्याच प्रश्नांची उत्तरं वेगळी यायला लागतात.

श्रावणबाळाचा दाखला देणाऱ्यांनी ती गोष्ट नीट आठवावी. आपण लहानपणापासून ऐकतो ती कावड वाहणाऱ्याची गोष्ट. पण कथेला कलाटणी मिळते कशाने? कावडीतल्या आईबापांना तहान लागते म्हणून. ते तसं बोलून दाखवतात आणि श्रावण कावड उतरवून पाण्याला जातो. म्हणजे कावडीत बसलेल्यांना तहान होती, तोंड होतं आणि त्यांच्या शब्दावर कावड थांबत होती. कॅलेंडरवरच्या चित्रात एवढंच नेमकं राहून गेलं.

आता ज्यांच्यामुळे ही धावण्याची पद्धत जगभर माहीत झाली त्या हॉइट बापलेकांकडे बघू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रिक हॉइटला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. १९६२ साली जन्मताना नाळ गळ्याभोवती अडकून मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. त्याला बोलता येत नसे. १९७२च्या सुमारास टफ्ट्स विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी त्याच्यासाठी एक यंत्र बनवलं. पडद्यावर अक्षरं सरकत आणि हवं ते आलं की तो डोक्याने कळ दाबे. घरच्यांना वाटलं होतं पहिला शब्द ‘आई’ असेल नाहीतर ‘बाबा’. पोराने बॉस्टनच्या आइस हॉकी संघाच्या नावाने जयघोष टाइप केला. १९७७मध्ये, पंधराव्या वर्षी, लुळ्या पडलेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी ठेवलेल्या पाच मैलांच्या दौडीत जायचंय, असं त्यानेच वडिलांना सांगितलं. वडील डिक काही धावपटू नव्हते. साधी व्हीलचेअर ढकलत दोघं शेवटून दुसरे आले. घरी आल्यावर रिकने लिहिलं की, धावताना आपण अपंग आहोत असं वाटतच नाही. आपल्याकडे पसरणाऱ्या व्हिडिओंमधून ही गोष्ट ‘बापाची जिद्द’ म्हणून फिरते. प्रत्यक्षात सुरुवात मुलाच्या मागणीने झाली होती.

आणि त्यांनाही नकारच मिळाला होता. बॉस्टन मॅरेथॉनच्या आयोजकांचं म्हणणं असं की, व्हीलचेअरच्या गटात स्वतःच्या हाताने चाकं फिरवणारे असतात, तुम्ही त्यात बसत नाही. आणि धावपटूंच्या गटात खुर्ची नसते, तुम्ही त्यातही बसत नाही. थोडक्यात, फॉर्मवर रकाना नव्हता. सुरुवातीला ही जोडी बिब नसताना मागून धावली. मग त्यांना अट घातली गेली ती पात्रता वेळेची, आणि तीही चाळिशी ओलांडलेल्या डिकच्या वयोगटाची नव्हे, तर विशीतल्या रिकच्या : २ तास ५० मिनिटं. मरीन कोर मॅरेथॉनमध्ये त्यांनी २ तास ४५ मिनिटांत ४२ किलोमीटर काढले आणि अट पुरी केली. पुढे बॉस्टन त्यांनी ३२ वेळा पूर्ण केली; २०१३पासून हॉपकिन्टनला, शर्यत सुरू होते तिथे जवळच, त्यांचा पुतळा आहे. अट अन्यायाची होती यात शंका नाही. पण गंमत अशी की, मुलाचं वय धरून आयोजकांनी नकळत मान्य करून टाकलं की स्पर्धक खुर्चीत बसलेला आहे.

‘सुरक्षेच्या कारणास्तव’ हे शब्द धावण्याच्या इतिहासात फार जुने आहेत, म्हणून ते ऐकले की कान टवकारावेत. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली, शेवटी काही जणी थकून आडव्या झाल्या, वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि ही शर्यत १९६०पर्यंत बायकांसाठी बंद राहिली. पुरुष थकून आडवे होत नव्हते? १९६६ साली बॉबी गिबने बॉस्टनसाठी अर्ज मागवला तर उत्तर आलं की एवढं अंतर धावणं बायकांच्या शरीराला झेपत नाही. ती झुडपात लपून राहिली आणि मधूनच घुसून धावली. बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ मध्ये. १९७५मध्ये बॉब हॉलने व्हीलचेअरवरून यायचं म्हटलं, तेव्हा तीन तासांच्या आत आलास तर प्रमाणपत्र देऊ असं त्याला सांगण्यात आलं. तो २ तास ५८ मिनिटांत आला. दर वेळी काळजी शरीराची दाखवली गेली आणि अडचण निघाली ती रकान्याची. आपल्याकडे सरकारी कागदावर ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं, फॉर्मवरचा रकाना काही आला नाही.

तरी एक मान्य करायला हवं. धावणाऱ्या बाईने आपला जीव आपल्या जबाबदारीवर घातला होता. इथे एकाच्या पायांवर दुसऱ्याचा जीव असतो. त्यामुळे धोक्याचा मुद्दा भावनेने उडवून लावता येत नाही, तो मोजावाच लागतो. मोजू या. २५ किलोचं मूल, १८ किलोची खुर्ची, मिळून ४३ किलो. हवेच्या टायरवर सपाट डांबरी रस्त्याला ढकलायला जेमतेम अर्धा किलो जोर लागतो, एका हाताने होतं. पाच टक्के चढ आला की तोच जोर अडीच किलोवर जातो, आणि तो सतत लावायचा असतो. पण चढ फक्त दमवतो, धोका उतारावर असतो. त्याच पाच टक्के उतारावर ताशी दहा किलोमीटरने जाताना ढकलणाऱ्याचा पाय घसरला आणि हात सुटला, तर पाच सेकंदांत खुर्ची वीसेक मीटर पुढे गेलेली असते आणि तिचा वेग ताशी सतरा किलोमीटर झालेला असतो. म्हणून हँडलपासून मनगटापर्यंत पट्टा हवा. मुठीला गुंडाळलेला नव्हे, मनगटात अडकवलेला, म्हणजे पडलं तरी सुटत नाही आणि बोटंही मोडत नाहीत. आणि हँडलवर सायकलसारखा हाताचा ब्रेक हवा. खुर्ची उभी केल्यावर लावायचा खटका म्हणजे ब्रेक नव्हे, हे वेगळं सांगावं लागतं, कारण नेमकी तिथेच गफलत होते.

दुसरी गफलत खुर्चीचीच. घरातली किंवा दवाखान्यातली व्हीलचेअर शर्यतीत आणू देऊ नये, इथे मी आयोजकांच्याही पुढे जाऊन कडक आहे. तिची पुढची चाकं सहा-आठ इंची, भरीव रबराची आणि गरगर फिरणारी असतात. चालण्याच्या वेगाला ठीक. धावायला लागलं की ती थरथरतात, आणि बोटभर खड्ड्यातही पुढचं चाक अडकून खुर्ची जागच्या जागी थांबते, मूल मात्र पुढे जातं. धावण्याची खुर्ची तीन चाकी असते : पुढे एकच मोठं चाक, सोळा-वीस इंची, आणि ते सरळ रेषेत घट्ट केलेलं. त्यामुळे ती वळत नाही. वळवायला हँडल दाबून पुढचं चाक उचलावं लागतं, आणि ते सवयीने जमतं. बसणाऱ्याला दोन्ही खांद्यांवरून, दोन्ही कमरेवरून आणि मांड्यांमधून असे पाच ठिकाणी पट्टे. पावलांनाही पट्टा, कारण धक्क्याने पाय ताठरले की पाऊल फळीवरून घसरून चाकाकडे जातं. लहान बाळांच्या जॉगिंग स्ट्रोलरवर भागवणारे बरेच असतात. त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचावी आणि मूल वाढतं हे विसरू नये. आपल्याकडे तयार खुर्च्या सहज मिळत नाहीत, त्यामुळे काही जण फॅब्रिकेटरकडून बनवून घेतात. बनवून घ्या, पण पुढचं चाक मागच्या दोन चाकांच्या बरोबर मधल्या रेषेत आहे का ते आधी तपासा : रिकामी खुर्ची सपाट फरशीवर हलकेच सोडली की दहा मीटर सरळ जायला हवी. एक हातभर जरी ओढ घेत असेल तर दहा किलोमीटरभर ती मनगटाने सावरत बसावी लागेल.

त्यात आपले रस्ते. पाणी निघून जावं म्हणून डांबरी रस्त्याला दोन्ही कडांकडे उतार असतो, म्हणून कडेने धावलं की खुर्ची गटाराकडे खेचली जाते. अशा जोडीला ‘कडेने धावा’ सांगणं दिसतं सुरक्षित, प्रत्यक्षात उलटं. तिला मधल्या भागात मार्गिका द्यावी. स्पीडब्रेकर मानकाप्रमाणे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, पण गल्लीत आणि सोसायटीसमोर असतात ते त्याच उंचीचे, फूटभर रुंदीचे उंचवटे. तिथे चालायला लागायचं, हँडल दाबून पुढचं चाक वर घ्यायचं, मग मागची दोन्ही चाकं एकदम उतरवायची. तिरकं गेलात तर खुर्ची कलंडते. पावसाळी गटारांच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतील तर बारीक टायर त्यात रुततो. मोठ्या पुलांवरच्या सांध्यांमधल्या लोखंडी फटींचंही तेच. हे सगळं आदल्या आठवड्यात कुणीतरी सायकलवरून मार्ग बघून लिहून काढलं तर तासाभराचं काम आहे. आणि काही मार्ग मुळात या प्रकाराचे नाहीतच. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा तोच उतरायचा असतो. तिथे कुणी आयोजक जोडीला नाही म्हणाला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण त्याने ‘घाटाचा उतार’ असं कारण लिहून द्यावं. ‘आमच्याकडे अशी सोय नाही’ हे कारण नाही.

कायद्याची भाषाही हीच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ म्हणतो की अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. करायचा असेल तर त्यामागे रास्त हेतू आहे आणि केलेली कृती त्या हेतूच्या प्रमाणात आहे, हे दाखवावं लागेल. खासगी आयोजकाला हे कलम कितपत बांधतं यावर वकील भांडोत. पण पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी काढून सार्वजनिक रस्ता तीन तास अडवणाऱ्याने ‘आमचा घरगुती कार्यक्रम’ असा आव आणू नये. शिवाय ‘प्रमाणात’ या शब्दाचा अर्थ सोपा आहे. ब्रेक नसलेली खुर्ची रोखता येते. त्यासाठी सगळ्याच खुर्च्या रोखता येत नाहीत.

गर्दीचा प्रश्न खरा आहे. खुर्चीचं टोक ढकलणाऱ्याच्या मीटरभर पुढे असतं आणि मागून ओलांडणाऱ्याला ते दिसत नाही. तो ढकलणाऱ्याला ओलांडतो, लगेच आत वळतो आणि चाकावर आदळतो. यावर उपाय तीन. खुर्चीला दीड मीटर उंचीची काठी आणि तिला भडक झेंडा. सोबत तिसरा धावक, जो पुढे राहून वाट मोकळी करतो, खड्डा ओरडून सांगतो आणि ढकलणारा दमला तर हँडल घेतो. आणि सुरुवात सगळ्यांच्या आधी पाच-दहा मिनिटं. बहुतेक आयोजक अशा जोडीला सर्वांत मागे ठेवतात, ते चुकतं. मागे म्हणजे चार-चार जण हात धरून चालणारे, मधेच थांबून सेल्फी काढणारे, आणि त्यांच्यातून वाट काढणारी ४३ किलोची खुर्ची. आधी सोडलं तर वेगवान धावपटू मोकळ्या रस्त्यावर एकेक करून ओलांडून जातात. त्यांना ओलांडायची सवयच असते.

आता खुर्चीतलं शरीर. इथे आयोजक गप्प असतात आणि हितचिंतक तर त्याहून गप्प. डिसेंबरातल्या पहाटे बारा अंश तापमानाला धावणारा दुसऱ्या किलोमीटरला घामाघूम होतो आणि समजतो की हवा छान आहे. बसलेलं मूल हालचाल करत नाही, समोरून वारा खातं. हातपाय गार पडतात, स्नायू ताठरतात आणि बसणं बिघडतं. साडेआठला ऊन चढलं की उलट : डांबरापासून दोन फुटांवर, पाठीला फोम, पुढे पट्टे, उष्णता जायला जागाच नाही. आकडीसाठी टोपिरामेटसारखं औषध चालू असेल तर घामही कमी येतो. म्हणून कपडे ढकलणाऱ्याला काय वाटतंय त्यावरून ठरवायचे नाहीत; मानेमागे हात लावून बघायचं, दर दोन किलोमीटरला. मान सावरता येत नसेल तर पाठीची टेकण थोडी मागे कललेली हवी आणि डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार. खाणं निघायच्या तासभर तरी आधी, नाहीतर हादऱ्यांनी वर येतं. जी मुलं कधी उभी राहिलेली नसतात त्यांची हाडं ठिसूळ असू शकतात, डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. यासाठी डॉक्टरांना ‘शर्यतीला नेऊ का?’ असं विचारून उपयोग नाही, ‘तासभर हादरे बसणार आहेत, मान आणि खुबे झेपतील का?’ असं विचारायचं. आकडी आली तर काय, कुणाकडे औषध, किती वेळाने रुग्णवाहिका (आकडी पाच मिनिटांच्या वर गेली की लगेच), हे बिबच्या मागच्या बाजूला लिहिलेलं हवं. बसलेल्याच्या बिबच्या मागे. नेहमीच्या फॉर्ममध्ये ढकलणाऱ्याचा रक्तगट असतो आणि मुलाचं नावही नसतं. अपघात झाला तर वैद्यकीय तंबूत नेमकं कुणाला आणलंय हे तिथल्या डॉक्टरला कळायचं कसं?

सगळ्यांत अवघड आक्षेप संमतीचा, आणि तो घेणारे बहुधा अपंगांच्या चळवळीतले असतात. स्टेला यंग ही ऑस्ट्रेलियन कार्यकर्ती फार फटकळपणे सांगायची की, धडधाकट लोकांना हुरूप यावा म्हणून आम्ही जगात आलेलो नाही. तिचं बरोबर होतं. फिनिश लाइनवर मेडल बापाच्या गळ्यात, कॅमेरा बापाच्या डोळ्यातल्या पाण्यावर, आणि मूल उन्हाकडे तोंड करून ठेवलेलं, असे फोटो आपण सगळ्यांनी पुढे पाठवलेत. पण यातून ‘नेऊच नका’ हा निष्कर्ष कसा निघतो? न नेणं हाही मुलाला न विचारता घेतलेला निर्णयच आहे, फक्त तो घरात होतो म्हणून दिसत नाही. बोलता न येणाऱ्या मुलाला विचारता येत नाही हा समज तर रिकच्या यंत्राने पन्नास वर्षांपूर्वी मोडीत काढला. यंत्र नको, खुर्चीचा फोटो आणि घराचा फोटो समोर धरून नजर कुठे जाते ते बघता येतं. ज्यांना चित्रंही कळत नाहीत त्यांचं शरीर सांगतं : खुर्चीजवळ नेल्यावर आवाज कसे बदलतात, मुठी आवळतात की सैल पडतात. आई-वडिलांना हे पक्कं कळतं, मान्य करायचं असेल तर. आधी दोन किलोमीटर, मग पाच, शर्यतीच्याच वेळेला, असं दोन-तीन महिने नेलं की होकार खरा की मानलेला, हे लक्षात येतं. आणि थांबण्याची एक खूण ठरलेली हवी.

वेगळी दौड आहेच की, असं म्हणणारे मुंबईचा दाखला देतात. तिथल्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये अपंगांसाठी दीड किलोमीटरच्या आसपासची स्वतंत्र दौड असते, आणि ज्यांना तेवढंच हवं आहे किंवा ज्यांचं घराबाहेर पडणंच पहिल्यांदा होतंय त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. पण ती एकमेव वाट असेल तर? सख्खी बहीण दहा किलोमीटरला, भाऊ वेगळ्या दारातून दीड किलोमीटरला. टोपी, बिस्किटाचा पुडा, पाहुण्यांचं भाषण. मुलाला कदाचित बहिणीच्या शर्यतीत जायचं असेल.

बक्षिसांचा वाद एका ओळीत मिटतो : जोडीचा निकाल वेगळ्या यादीत, दोन्ही नावांनी, बक्षिसाच्या रकमेतून बाहेर. कुणाचं काही जात नाही.

राहिली ती थांबण्याची खूण. सहाव्या किलोमीटरला मुलाने ती केली तर पुढे काय? मागे पडलेल्यांना गोळा करत येणारी गाडी बहुतेक ठिकाणी टेम्पो ट्रॅव्हलर असते, दार अरुंद, पायऱ्या उंच. खुर्ची आत जात नाही म्हटल्यावर ढकलणारा मुलाला समजावतो, ‘थोडंच राहिलंय’, आणि उरलेले चार किलोमीटर पूर्ण करतो. म्हणून आदल्या दिवशी एक काम करावं : मागची दोन्ही चाकं खटका दाबून काढावीत, सांगाडा त्या गाडीच्या दारातून आत घालून बघावा, आणि मुलाला टेकून बसवायला कुठली सीट मागे झुकते ते पाहून तिच्यावर बसलेल्याचा बिब नंबर चिकटवून ठेवावा.